देवावर तीन पानं, पुतणीवर चार ओळी

पत्र थोडं कापून देते आहे.

"मी फोंडा तालुक्यातला, वय ३६. औषधांच्या कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात नोकरी. कॉलेजपासून देव मानत नाही. घरच्यांना हे अर्धवट माहीत आहे, कुणी विषय काढत नाही. चवथीला (गणेशचतुर्थीला) आरतीत घुमट मात्र मीच वाजवतो. पणजीतल्या माझ्या मित्रांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, ज्याला खोटं दिसतं त्याने ते बोललंच पाहिजे. गप्प बसणारा नास्तिक भाविकापेक्षाही दोषी, कारण भाविकाला निदान ते खरं वाटत असतं. एकाने क्लिफर्ड वाचायला दिला, तो वाचल्यापासून झोप उडाली आहे. बोलायचं ठरवलं तर शेजारच्या कॅथलिक कुटुंबालाही बोलायचं का? फक्त आपल्या माणसांना बोललो तर तो पक्षपात नाही का? सध्या घरात आणखी एक विषय चालू आहे. भावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला फेफरं येतं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळाचं औषध आहे. गेल्या महिन्यात देवळात कौल लावला (मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाला विचारलं), मग कुणाच्या तरी सांगण्यावरून तिला एका घाड्याकडे, म्हणजे मंत्रतंत्राने उपचार करणाऱ्याकडे, नेलं. त्याने एकवीस दिवस 'गरम औषध' नको म्हणून सांगितलं. परवा गोळ्यांची पट्टी बघितली. भावाने तिच्यावर पेनने वार लिहिले आहेत. सोमवारची आणि मंगळवारची रात्रीची गोळी तशीच होती. आई म्हणते, 'देवाक विचारलां, आतां दोतोराक कित्याक विचारूं?' असो. माझा मूळ प्रश्न असा, की धर्मावर टीका करणं हे नास्तिकाचं नैतिक कर्तव्य आहे का?
— गप्प, फोंडा तालुका"

गप्पराव,

तुमचं मूळ पत्र साडेतीन पानांचं आहे. तीन पानं देव, धर्म, मौन आणि कर्तव्य यांवर. पुतणीच्या वाट्याला चार-पाच ओळी आल्या, त्याही शेवटी, त्याही "असो" म्हणून गुंडाळलेल्या. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे प्रकरण नव्हतं, म्हणून गोळीबद्दलचं उत्तर मी तुम्हाला त्याच दिवशी कळवलं. इथे पुन्हा देते, कारण फेफऱ्याचं माणूस असलेली घरं गोव्यात बरीच आहेत आणि घाडीही काही कमी नाहीत.

फेफऱ्याची गोळी एकदम बंद केली, तर झटके नुसते परत येतात असं नाही. एक संपायच्या आत दुसरा सुरू होऊन ते आवरतच नाहीत अशी वेळ येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. याउलट, नीट निदान आणि नीट उपचार मिळाले तर शंभरातले सत्तरएक रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन गोळ्या चुकल्या म्हणून तिसऱ्या दिवशी तीन देऊ नका. डॉक्टरांना फोन करून किती चुकल्या ते सांगा आणि ते म्हणतील तसं करा. झटका आला तर तिला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला सारा, घड्याळ बघा. दातांत चमचा घालायचा नाही, हातात चाव्यांचा जुडगा द्यायचा नाही, नाकाशी कांदा नाही की चप्पल नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८.

आता तुमचा "मूळ" प्रश्न.

क्लिफर्डपासून सुरुवात करू, कारण झोप त्याने उडवली आहे. विल्यम क्लिफर्ड हा इंग्रज गणितज्ञ. १८७७ साली त्याने एका जहाजमालकाचा दाखला दिला. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. मालकाच्या मनात शंका येते, पण खर्च नको म्हणून तो ती दाबतो. इतक्या वादळांतून सुखरूप आलं, याही वेळी येईल, परमेश्वर काळजी घेईल अशी स्वतःची समजूत घालून जहाज पाठवतो. ते बुडतं, माणसं मरतात, मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस त्या मृत्यूंचा अपराधी आहे, त्याचा विश्वास कितीही प्रामाणिक असला तरी. कारण असा विश्वास ठेवायचा हक्कच त्याने कमावलेला नव्हता. जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी.

मला हा दाखला पटतो. पण तुमच्या मित्रांनी त्यातून जे काढलं ते त्यात नाही. क्लिफर्ड कर्तव्य सांगतो ते स्वतःचा विश्वास तपासण्याचं. मालक दोषी ठरतो त्याने डोळेझाक केली म्हणून. धक्क्यावर उभं राहून इतरांच्या जहाजांना नावं ठेवली नाहीत म्हणून नव्हे. शिवाय त्या जहाजावर माणसं होती. सगळं प्रकरण त्यांच्यामुळे नैतिक होतं. मालक रिकामं जहाज घेऊन एकटाच समुद्रात गेला असता तर आपण त्याला मूर्ख म्हटलं असतं, अपराधी म्हणताना अडखळलो असतो. तुमची आई सकाळी तुळशीला पाणी घालते, त्या जहाजावर कुणीही बसलेलं नाही. पुतणीच्या गोळीवर एक नऊ वर्षांची पोर बसली आहे.

आणि कडू वाटेल, पण सांगते. पट्टीवर सोमवार-मंगळवारच्या गोळ्या तशाच दिसल्या तेव्हा तुमच्याही मनात शंका आली होती. कामावर एका बॅचचा एक आकडा जुळला नाही तर तुम्ही सगळा माल अडवून धरत असाल. घरी मात्र तुम्ही पट्टी जागेवर ठेवलीत आणि मला धर्मावर पत्र लिहिलंत. जहाजमालकानेही शंका अशीच बाजूला सारली होती. त्यासाठी देव मानावा लागतोच असं नाही.

तेव्हा माझं उत्तर: नाही. नास्तिक आहात म्हणून धर्मावर टीका करण्याचं कोणतंही खास कर्तव्य तुमच्यावर येत नाही. हक्क आहे, तो पुरेपूर आहे आणि तो कुणी हिरावायला आला तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. कर्तव्य वेगळं. कुणाचं नुकसान होताना दिसतंय, आपलं ऐकलं जाईल अशी जागा आपल्याला आहे आणि आपण बोललो नाही तर दुसरं कुणी बोलणार नाही, अशा ठिकाणी कर्तव्य उभं राहतं. नुकसान धर्माच्या नावाने होवो, वैद्यकाच्या नावाने होवो की जमिनीच्या दलालाच्या नावाने, फरक पडत नाही. आणि ते कर्तव्य भाविकावरही तेवढंच आहे.

हा शेवटचा मुद्दा तुमच्या मित्रांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. टीकेचं कंत्राट नास्तिकाला दिलं की भाविक सुटला. मग देवळात काहीही चालो, त्याने म्हणावं, बोलायचं काम त्या पणजीवाल्यांचं. पण आपल्याकडे धर्मातल्या घाणीवर सगळ्यात जोरकस बोललेली माणसं कोण होती? नवसाने मुलं होत असतील तर नवरा कशाला लागतो, असं विचारणारे तुकोबा विठ्ठलाचे होते. आपल्या गोव्यात शेंसविधी करून मुलींना देवळाच्या सेवेला बांधायची चाल होती. तिच्याविरुद्ध राजाराम पैंगीणकर उभे राहिले ते त्याच समाजात जन्मलेले. घरातली गोष्ट घरातून बोलली गेली, म्हणून तिला उडवून लावणं कठीण गेलं. बाहेरच्या कुणी तेच म्हटलं असतं तर त्याला "आमच्या धर्माचा द्वेष करतो" एवढं एक वाक्य पुरलं असतं.

राज्यघटनेतही कर्तव्य आहे, तुमच्या मित्रांपैकी कुणी ते काढीलच. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम ५१ क घातलं गेलं. त्यात विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करणं हे मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे. सांगितलं आहे ते प्रत्येक नागरिकाला. भटजीला, पाद्रीला, तुम्हाला, मला. आणि विज्ञाननिष्ठेला मानवतावाद चिकटवून दिला आहे, तो मधला शब्द गाळून वाचायचा नाही.

"दुसऱ्याची श्रद्धा दुरुस्त करणं हे आपलं नैतिक कर्तव्य आहे" असं मनापासून मानणारी माणसं गोव्याने पाहिली आहेत. १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, इथे होतं. १७३६ च्या त्यांच्या फर्मानात अंगणात तुळस लावण्यापासून बिनमिठाचा भात शिजवण्यापर्यंत मनाई होती. तुमच्या तालुक्यातली कितीतरी दैवतं त्या काळात जुनी ठिकाणं सोडून तिथे आली. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून. ते फर्मान काढणाऱ्यांनाही आपण लोकांचा आत्मा वाचवतो आहोत असंच वाटत होतं.

तुमचे मित्र यावर चिडतील आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. नास्तिकाच्या हातात तुरुंग नाही, चिता नाही, फार तर लेख आहे. आणि गेल्या काही वर्षांत गोळ्या झेलल्या त्या टीका करणाऱ्यांनी. साताऱ्याच्या डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना मारलं. दोन्ही गोष्टी एका पारड्यात टाकायचा माझा विचार नाही. मी एवढंच म्हणते की "कर्तव्य" म्हटलं की माणूस समोरच्याचं ऐकायचं थांबतो, आणि ती सवय कुठल्याही बाजूला लागू शकते. दाभोलकरांना ती नव्हती. आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते वर्षानुवर्षं सांगत राहिले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर महाराष्ट्रात झालेला कायदाही त्याच अंगाने जातो. देव मानणं त्यात गुन्हा नाही. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं गुन्हा आहे. तो कायदा महाराष्ट्रापुरता. मंत्र-ताईत-गंड्याने रोग बरा करण्याच्या जाहिरातींना बंदी घालणारा १९५४ चा केंद्राचा कायदा मात्र गोव्यातही लागू आहे, आणि त्याच्या रोगांच्या यादीत फेफरं आहे. घाड्याने फलक लावला असेल तर हे ध्यानात ठेवा. पण आधी पोलिसांकडे धावू नका. पोरीची गोळी तुमच्या घरात अडली आहे, ती घरातच सुटायला हवी.

शेजाऱ्यांचं लवकर आटपते. त्यांच्याकडे कुणाची गोळी बंद झाली आहे का? नाही ना? मग त्यांचं फेस्त त्यांना करू द्या आणि बोलावलं तर सोरपोतेल खाऊन या. पक्षपाताची भीती तुम्हाला उगाच वाटते आहे. माणूस बोलतो तिथे, जिथे त्याचं ऐकलं जातं. उलट दुसऱ्याच्या देवावर आधी बोलण्यात काय होतं ते आपण २०२४ च्या ऑक्टोबरात पाहिलं. झेवियरसायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, जुन्या गोव्यातल्या शवप्रदर्शनाच्या तोंडावर शवाच्या डीएनए चाचणीची मागणी झाली आणि मडगावात लोक रस्त्यावर आले. चाचणी ऐकायला विज्ञानाची वाटते. पण मागणाऱ्याने स्वतःच्या देवळातल्या कशाचीही चाचणी कधी मागितलेली नसेल, तर ती शोधक बुद्धी नव्हे, वाड्यावरचं जुनं भांडण प्रयोगशाळेत नेलेलं.

आता घरात बोलायचं कसं.

कौल खोटा, घाडी लबाड, तुम्ही सगळे अडाणी, अशी सुरुवात करून बघायची असेल तर करा, पण मग दोन तास देवावर वाद होईल आणि रात्रीची गोळी तिसऱ्या दिवशीही पट्टीतच राहील. तुमची वहिनी घाड्याकडे का गेली असेल, याचा विचार केलात का? बांबोळीला ओपीडीत डॉक्टर किती वेळ देऊ शकतात ते तुम्हाला ठाऊक आहे. घाड्याने तिला तासभर बसवून ऐकलं असेल. पोर कधी पडली, कुठे पडली, घरात आधी काय झालं होतं, कुणाशी काय बोलणं झालं होतं, सगळं विचारलं असेल. नऊ वर्षांच्या मुलीच्या आईला रात्री दोन प्रश्न छळतात: माझ्या हातून काय चुकलं, आणि हिच्या लग्नाचं पुढे काय होणार. डॉक्टरांच्या कागदावर या दोन्हींना रकाना नाही. घाड्याकडे दोन्हींची उत्तरं आहेत. साफ चुकीची आहेत, पण आहेत. तिच्याजवळ तुमच्या घरातलं कुणी, म्हणजे तुम्हीसुद्धा, या प्रश्नांवर बसून बोललं आहे का? तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही.

म्हणून आधी वहिनीशी बोला, भाऊ समोर असताना, आई नसताना. देवाचं नाव काढू नका. गोळी चुकली तर काय होतं ते तुमच्या नोकरीच्या भाषेत सांगा. औषध रक्तात ठरावीक पातळीवर राहावं लागतं, म्हणून वेळ चुकवायची नाही. यात तिची चूक नाही हे सांगा. फेफरं मेंदूतल्या विजेच्या गडबडीने येतं, कुणाच्या दृष्टीने नाही, कुणाच्या पापाने नाही. बऱ्याच मुलांची औषधं काही वर्षांनी डॉक्टर हळूहळू कमी करत थांबवतात, हेही सांगा. आजवर हे तिला कुणी सांगितलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. आणि घाड्याच्या एकवीस दिवसांत गोळी बसत नाही, तेव्हा ते एकवीस दिवस गेले, हे मात्र स्पष्ट, आवाज न चढवता, पण न बदलता. इथे गप्प राहण्याची सोय नाही. वहिनी रडली तरी, आई दोन दिवस जेवली नाही तरी. तुमच्यावर जे कर्तव्य आहे ते हेच, आणि ते क्लिफर्डपेक्षा बरंच अवघड आहे, कारण समोर मित्र नसतात, घरची माणसं असतात.

एक युक्ती तुमच्या डोक्यात येईल, कारण माझ्याही आली. देवळात जाऊन पुन्हा कौल लावावा, "गोळी चालू ठेवू का?" म्हणून. देवानेच सांगितलं तर आईही ऐकेल. करू नका. पाकळी उजवीकडे पडली तर उत्तम. डावीकडे पडली तर काय करणार? गोळीचा प्रश्न एकदा देवापुढे नेलात की उत्तर मानायला तुम्हीही बांधले गेलात. त्यापेक्षा देवळातल्या भटांना जाऊन भेटा. दवा बंद करा असं कौलात कुणीच म्हटलं नव्हतं, ते घाड्याने म्हटलं, हे त्यांच्या तोंडून आईला ऐकू द्या. स्वतःच्या मुलाला ताप आला की तेही दवाखानाच गाठतात.

चवथीबद्दल. घुमट वाजवा. मित्रांनी दांभिक म्हटलं तर म्हणू द्या. ज्या घरात माटोळी (गणपतीवरचं फळा-पानांचं छत) बांधायला चुलतभावंडं वर्षातून एकदा एकत्र येतात, तिथे ताल धरणं ही कुणाची फसवणूक नाही. देवापुढे उभं राहून "माझा विश्वास आहे" असं तुम्हाला कुणी वदवून घेत नाही. फसवणूक तेव्हा होईल, जेव्हा कुणी सरळ विचारेल आणि तुम्ही खोटं सांगाल. विचारलं तर सांगा, मी मानत नाही. एका वाक्यात, आणि पुन्हा फुगडी बघायला वळा. धर्मावर लिहायची हौस असेल तर लिहाही, पण आधी बघून घ्या. गोव्यातच कोसबेनला जन्मलेले दामोदर कोसंबी पक्के मार्क्सवादी, देव न मानणारे. पण गावच्या देवीचा शेंदूर फासलेला दगड तिथे का आला, कुणाच्या वाटेवर आला, हे समजून घ्यायला ते पुण्याच्या आसपासच्या डोंगरांत पायी हिंडले. तुमच्या मित्रांपैकी किती जणांनी कौल लावताना कधी जवळून पाहिलं आहे?

आईशी मात्र वाद घालू नका, तिला सोबत घ्या. बांबोळीच्या पुढच्या तारखेला भाऊ-वहिनीबरोबर तिलाही न्या. "डॉक्टरला कशाला विचारू" म्हणणारी बाई डॉक्टरसमोर बसली की विचारतेच. आदल्या रात्री तिचे आणि वहिनीचे प्रश्न एका कागदावर लिहून घ्या: शाळेत सांगायचं का, पोहायला पाठवायचं का, उपास चालतो का, लग्नाला अडेल का. आत वेळ कमी मिळतो, म्हणून "हे औषध गरम पडतं का" हा प्रश्न सगळ्यात वर लिहा, आणि तो तुम्ही विचारू नका, आईला विचारू द्या.